वाळूचा टेकू

नॉर्बच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं ऑर्विल स्वतःला सांगत असे. राहून गेलं नव्हतं. पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बाटलीला टेकून उभं होतं आणि रोज सकाळी अंडं खाताना तो ते वाचत होता. पत्र म्हणजे तरी काय, नॉर्ब दर ऑक्टोबरात पाठवतो तसलाच एक कागद, पेन्सिलीनं खरडलेला. ‘ऑर्व, यंदा येतोयस ना? खालचा पलंग तुझ्यासाठी धरून ठेवू की माझ्या मेव्हण्याला देऊ ते कळव. तो घोरतो, एवढं लक्षात असू दे. तुझ्या सदऱ्याचं शेपूट अजून खिळ्यावर लोंबतंय. आणि बंदुकीवरच्या त्या दुर्बिणीचा एकदा बंदोबस्त कर बाबा. चांगला टेकू घे. लोखंडी पेटीवर नळी ठेवून नेम लावायला तू काय सर्कशीत आहेस?’ बस, एवढंच. याला ‘येतो’ असं एका शब्दाचं उत्तर गेली कित्येक वर्षं तो त्याच दिवशी पाठवत आला होता. नॉर्बचे कान अधू, टेलिफोनवर काही कळत नाही, म्हणून पत्र. ऑर्विलचं अक्षर पाहून नॉर्ब म्हणायचा, ‘छापून आणलंस की काय रे?’ छापखान्यात मुद्रितं तपासण्यात सगळी नोकरी गेलेल्या माणसाचं अक्षर तसंच असायचं. अक्षराचा विचार आला की ऑर्विल पत्रावरून नजर काढून खिडकीबाहेर बघे. बाहेर मिलवॉकीचं राखाडी आकाश असे आणि समोरच्या घराच्या पायरीवर कुणीतरी ठेवलेला भोपळा.

हे सगळं सुरू झालं एका शुक्रवारी. शुक्रवारी तो कोपऱ्यावरच्या खाणावळीत तळलेला मासा खायला जाई. बायको होती तेव्हा दोघं जात, आता तो एकटा आणि एक पुस्तक. त्या दिवशी वाढायला नवी मुलगी होती. मासा झाला, बटाट्याची धिरडी झाली, राय धान्याचा पाव झाला आणि मग तिनं कॉफीची दुसरी फेरी ओतली. शेजारच्या टेबलावरच्या दोघांचे कप तिनं काठोकाठ भरले. त्याचा कप तिनं अर्धा भरला. “लागली तर परत आणते हं,” असं म्हणाली आणि हसून गेली. ऑर्विल त्या अर्ध्या कपाकडे बघत बसला. आधी त्याला वाटलं, किटलीतली कॉफी संपली असेल. पण ती पुढच्या टेबलावर जाऊन ओततच होती. मग त्याला वाटलं, पहिला कप आपण उचलला तेव्हा बशीचा आवाज झाला होता का? झाला होता. बारीक, दात वाजावेत तसा. त्यानं तो ऐकला होता आणि ऐकला नव्हता. त्या मुलीनं ऐकला. तिच्या घरी कुणी म्हातारं असेल, तिला सवय असेल, तिनं काही न बोलता हिशेब केला असेल की याला अर्धाच द्यावा, म्हणजे सांडणार नाही. इतक्या चांगुलपणाची त्याला इतकी भीती वाटली, की पैसे ठेवून कॉफीला हात न लावता तो उठला. रस्त्यावर तळ्याकडून वारा येत होता. कोटाच्या खिशात त्यानं उजवा हात डाव्या हातानं गच्च धरला. चालता चालता त्याला वाटलं, कदाचित तिचं लक्षही नसेल. आपण उगीच वाचतोय, सगळ्या गोष्टी तीनतीनदा वाचायची आपली खोडच आहे. पण धरलेला हात खिशात हलत होता, एखादा लहान प्राणी धरून ठेवावा तसा.

वडिलांचा चमचा असा हलायचा. वडील कारखान्यात साचे कोरत, केसाएवढ्या फरकानं काम करणारा माणूस. मग एका हिवाळ्यात सूप पिताना चमच्यातलं सूप ताटलीत परत पडायला लागलं. थेंबाथेंबानं, आणि जेवणाच्या टेबलावर कुणीच काही बोलत नसे. पुढे वडील मोरीपाशी उभं राहून जेवायला लागले, सगळ्यांकडे पाठ करून. आई म्हणे, “त्यांना उभ्यानंच बरं वाटतं.” त्या वर्षी नोव्हेंबरात वडील शिकारीला गेले नाहीत. कारखान्यात काम फार आहे, असा त्यांनी निरोप पाठवला. पुढच्या वर्षीही काम फार होतं. तिकडे उत्तरेला, जंगलातल्या त्या लाकडी खोलीत, नॉर्बचे वडील आणि बाकीचे पुरुष हसत, “गेरलाख आता साहेब झाला, त्याला आपली संगत कशाला आवडेल?” ऑर्विल तेव्हा विशीत होता आणि त्या हसण्यात तोही थोडा सामील होता, कारण त्याला ठाऊक असूनही काय सांगायचं ते ठाऊक नव्हतं. वडिलांचा पलंग दुसऱ्या कुणाला तरी दिला गेला. पलंगांचा तिथे नियमच होता, न आलेल्याची जागा धरून ठेवत नसत. पुढे कित्येक वर्षं वडील खिडकीशी, हात मांडीखाली घालून बसत, आणि नोव्हेंबर आला की कुणी शिकाऱ्याची नारिंगी टोपी घालून रस्त्यानं गेला तर पडदा ओढून घेत. त्यांना खरं तर काय वाटत होतं, हे ऑर्विलनं कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज उरली नव्हती. कोटाच्या खिशातून ते त्याला कळत होतं.

पण कळत होतं म्हणजे नक्की काय कळत होतं? शनिवारी सकाळी अंडं खाताना त्यानं स्वतःची उलटतपासणी घेतली. गेल्या वर्षीची गोष्ट. तमराक झाडांच्या दलदलीच्या कडेला एक हरणी उभी होती, सत्तर-ऐंशी यार्डांवर, आडवी, मान वळवून. इतकी सोपी, की नेम लावताना त्याला संकोच वाटला. गोळी सुटली आणि हरणी पाठीत वाकली. खांद्यामागे लागायची ती गोळी पोटात लागली होती. मग दुपारभर तो आणि नॉर्ब रक्ताच्या ठिपक्यांमागून चिखलात चालत राहिले. ठिपके थांबत, पुन्हा दिसत, त्यांना पोटातल्या गवताचा वास येई. ती सापडली तेव्हा जिवंत होती आणि त्यांच्याकडे बघत होती. शेवटची गोळी नॉर्बनं घातली, कारण ऑर्विलनं बंदूक त्याच्या हातात दिली. रात्री खोलीत कुणी काही बोलेना, तेव्हा नॉर्बनंच कात्री आणली. नेम चुकला की सदऱ्याचं शेपूट कापून भिंतीवर ठोकायचं, ही तिथली रीत. हरीण मिळालं तरी हा नेम चुकलेलाच धरायचा, असं नॉर्बनं जाहीर केलं आणि सगळे सुटल्यासारखे हसले. “अरे दुर्बीण हललीय याची,” नॉर्ब म्हणाला, “नेम कसा लावला होतास?” ऑर्विलनं सांगितलं, गाडीच्या मागच्या हौद्यात लोखंडी पेटी ठेवून, तिच्यावर. “नळी पेटीवर?” “हो.” “हात् गाढवा! लोखंडावर नळी ठेवलीस तर ती उसळणारच. तिथे लागलेला नेम जंगलात कसा खरा होईल? सत्तर वर्षांचा घोडा झाला आणि अजून टेकू कळत नाही!” सगळे पुन्हा हसले, ऑर्विलही हसला, आणि त्या हसण्याच्या आडोशाला तो वर्षभर राहिला. नळी उसळली. अशी चूक कुणाच्याही हातून होते. पण उसळलेली नळी गोळी वर टाकते, फार तर खाली, बाजूला नाही. हरणीला गोळी लागली होती मागे, उजवीकडे. हे त्याला त्याच संध्याकाळी दिसलं होतं. मुद्रितातली चूक दिसावी तसं, आणि त्यानं ती तशीच छापायला जाऊ दिली होती.

म्हणजे दोनच शक्यता. बंदूक, नाहीतर हात. आणि नॉर्बनं अगदी सहज, पेन्सिलीनं, त्याला सांगितलं होतं की चांगला टेकू घे. चांगल्या टेकूवर ठेवलेली बंदूक खोटं बोलत नाही. तिथे गोळ्या एका जागी पडल्या नाहीत, तर बोट दाखवायला दुसरं कुणी उरत नाही. उत्तर न देता पत्र मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवण्यामागे एवढंच होतं.

व्हर्नच्या दुकानात पुढे खिळे आणि रंग, मागच्या अर्ध्या भागात बंदुका. हंगाम तोंडावर आला होता, गर्दी होती, लोक नारिंगी जाकिटं अंगावर लावून बघत होते. व्हर्न पोटावर हात ठेवून म्हणाला, “बोला प्रोफेसर.” ऑर्विल कधीच प्रोफेसर नव्हता, पण चष्म्यामुळे व्हर्ननं त्याला तसं करून टाकलं होतं. “नेम लावायला टेकू हवाय.” “कितपत गंभीर आहात?” व्हर्ननं फळीवरून एक लोखंडी सांगाडा उचलून धाडकन टेबलावर ठेवला. पुढे बंदूक टेकवायला खोबण, मागे दस्ता अडकवायला पाळणा, खाली शिशाच्या छर्‍यांच्या थैल्या ठेवायला तबक, उंची वरखाली करायला चाक. “हा बघा. यात बंदूक बसवायची, चाक फिरवायचं, घोडा दाबायचा आणि कॉफी प्यायला जायचं. धक्कासुद्धा हा खातो. माणूस लागतच नाही.” ऑर्विल म्हणाला, “माणूस लागतच नाही?” “तुमच्या हातापायांचा संबंधच येत नाही हो. बंदूक कशी मारते तेवढं कळतं.” आणि मग उगीच प्रामाणिक होत व्हर्ननं गल्ल्याखालून कातड्याच्या दोन पिशव्या काढल्या. एक मोठी, विटेसारखी, आणि एक लहान, वर सशाच्या कानांसारखे दोन उभार असलेली. “मला विचाराल तर माझं मत यांना. पुढचं लाकूड मोठीवर, नळी नाही हं, लाकूड. दस्ता या कानांमध्ये. डावा हात दस्त्याखाली आणून ही लहान पिशवी मुठीत दाबायची. दाबली की नेम खाली, सोडली की वर. म्हणजे तुम्ही बंदुकीबरोबर असता. जंगलात तो सांगाडा थोडाच नेणार आहात?” ऑर्विलनं पिशवी हातात घेतली. ती रिकामी होती, वाळू आपली आपण भरायची होती. रिकामी पिशवी त्याच्या बोटांत हलायला लागली, तशी त्यानं ती पटकन खाली ठेवली. सांगाडा बंदुकीबद्दल सांगेल. पिशव्या त्याच्याबद्दल सांगतील. “सांगाडा द्या,” तो म्हणाला. व्हर्न म्हणाला, “घ्या की, मला काय, महाग तोच आहे!” आणि बांधताना पुन्हा उगीच प्रामाणिक होत त्यानं ती लहान, कानवाली पिशवीही पुड्यात टाकली. “ही माझ्याकडून. हिची एक शिवण उसवलेली आहे, विकायला जमत नाही. सुतळीनं शिवून घ्या, प्रोफेसर.”

ती पिशवी भरली नसती तरी चाललं असतं. पण ती टेबलावर पत्राशेजारी रिकामी पडली होती, कान खाली पाडून, आणि ऑर्विलला तिची दया आली. त्यानं वाळू आणली, कढईत पसरून चुलीवर भाजायला ठेवली, कारण ओली वाळू कातडं कुजवते असं कुठेतरी वाचलं होतं. घरभर तळ्याकाठच्या उन्हाळ्याचा वास सुटला. मग कागदाचं नरसाळं करून तो भरायला बसला. गरम वाळू बारीक धारेनं आत जात होती आणि धार सरळ नव्हती. ती डावीउजवीकडे लचकत होती, टेबलावर, मांडीवर, नॉर्बच्या पत्रावर पडत होती. त्यानं श्वास रोखला. धार जास्तच लचकली. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हलायला लागले. एवढ्याशा स्वयंपाकघरात, दिवसाउजेडी, कुणी बघत नसताना, त्याला इतकी भीती वाटली की त्यानं उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला. आणि पडद्याची कड हातात असतानाच त्याला कळलं की आपण काय केलं. पाठीमागे टेबलावर वाळू निवत होती. पडदा उघडावा की न उघडावा हे ठरवायला त्याला फार वेळ लागला, आणि शेवटी त्यानं तो अर्धाच उघडला.

हंगामापूर्वीच्या शनिवारी शहराबाहेरचा बंदूकवाल्यांचा क्लब आपलं मैदान सगळ्यांना खुलं करतो. प्रत्येक टेबलापाशी क्लबचं एक माणूस मदतीला असतं. ऑर्विलच्या वाट्याला मार्लिस नावाच्या बाई आल्या, त्याच्याच वयाच्या, कानांवर मोठी लाल कानझाकणं, तोंडात काळ्या ज्येष्ठमधाची गोळी. “या, बसा. काय आणलंय, रणगाडा?” सांगाड्याकडे बघून त्या म्हणाल्या. ऑर्विल ओशाळून हसला. आजूबाजूला धडाधड आवाज होत होते, प्रत्येक आवाज छातीच्या फळीवर बसत होता. बंदूक सांगाड्यात बसली. त्यानं घोडा दाबला, तीन वेळा, मधे नळी निवू देत. मार्लिसबाईंनी मोठ्या दुर्बिणीतून शंभर यार्डांवरचा कागद पाहिला. “अहो, तिन्ही एकमेकींच्या मांडीवर बसल्यात. दुर्बीण ठणठणीत आहे. कुणी सांगितलं हलली म्हणून?” “माझा मित्र.” “मित्राला म्हणावं, चष्मा बदल.” निर्दोष सुटलेला आरोपी जाता जाता साक्षीदाराकडे बघतो, तशी ती बंदूक त्याला वाटली. आता उठावं, घरी जावं, ‘येतो’ लिहावं. बंदूक ठीक आहे हे खोटं नव्हतं. पण हरणी मान वळवून बघत होती, आणि हा सांगाडा जंगलात नेता येत नव्हता.

“एकदा पिशव्यांवर बघतो,” तो म्हणाला. आवाज आपला वाटला नाही. मोठी पिशवी क्लबची होती, लहान त्यानं आणलेली, सुतळीनं वेडीवाकडी शिवलेली. त्यानं दस्ता कानांमध्ये बसवला, डाव्या मुठीत पिशवी दाबली. भाजलेली वाळू करकरली. दुर्बिणीतली काळी फुली कागदावर आली, आणि थांबली नाही. ती भिरभिरत नव्हती, नुसती एका लयीत इकडून तिकडे जात होती, पाळण्यासारखी, त्याला न विचारता. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या. मार्लिसबाईंनी कागद पाहिला आणि तोंडातली गोळी गालात सरकवली. “दचकताय तुम्ही. सगळ्यांचं होतं, धक्क्याच्या भीतीनं माणूस आधीच बंदूक ओढतो. थांबा, मी भरते. गोळी घालीन किंवा रिकामं काडतूस घालीन, सांगणार नाही. तुम्ही नुसतं दाबा.” पदर सावरायला बायका वळतात, तशा त्या पाठ करून वळल्या आणि त्यांनी बंदूक भरून दिली. ऑर्विलनं मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मी दचकावं. मी भित्रा निघावा. भित्रेपणावर इलाज असतो, सराव असतो, त्यावर लोक हसतात आणि शेपूट कापतात. त्यानं दाबलं. टक्. रिकामं होतं. नळी तिळभरही खाली गेली नव्हती. मार्लिसबाई वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. पुन्हा भरलं, पुन्हा टक्. मग खरी गोळी, मग पुन्हा टक्.

“अहो, तुमची पापणीसुद्धा हलत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “आज सकाळपासून इथे बसलेल्यांत तुम्ही एकटे असे आहात की ज्यांना बंदुकीची भीती नाही.” मैदानावरच्या सगळ्यांत जास्त भ्यालेल्या माणसाला हे ऐकून हसू आलं असतं. “मग?” त्यानं विचारलं. त्यांची नजर टेबलावर होती, जिथे बंदुकीवरून काढलेला त्याचा उजवा हात आता एकटाच पडला होता, आणि हलत होता. तेवढ्यात क्लबच्या माणसानं कर्ण्यातून ओरडून सांगितलं, बंदुका उघड्या करा, हात टेबलापासून दूर. सगळ्यांनी हात मागे घेतले. ऑर्विलनंही घेतला. “डॉक्टरला दाखवलंत?” “नाही.” “दाखवा हं,” त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, “आणि नेम छान धरता तुम्ही. धरणं छानच आहे.” पुढचा माणूस टेबलाशी येऊन उभा होता.

तो गाडीत येऊन बसला. कळल्यावर भीती जाईल असं त्याला वाटलं होतं. ती गेली नव्हती. फक्त आधी ती सगळीकडे होती, कपात, पडद्यात, पत्रात, आणि आता तिला एक जागा मिळाली होती, उजव्या मनगटापासून पुढे. पुढे काय होणार हे त्यानं पाहिलेलं होतं. चमचा, मोरी, खिडकी, मांडीखाली हात. तो क्रम त्याला पाठ होता. त्यात एक निरोपही होता, काम फार आहे, आणि तो किती सोपा होता! आत्ताच घरी जाऊन लिहिता आला असता. वाचायला नॉर्ब होता, हसायला बाकीचे होते, पलंग मेव्हण्याला मिळाला असता. वडिलांनी हे लिहिलं तेव्हा त्यांचं अक्षर कसं आलं असेल? की आईनं लिहिलं? त्याला एकदम आठवलं की निरोप आईच्या अक्षरात होता.

घरी आल्यावर त्यानं पडदा पूर्ण उघडला. दुपारचं फिकट ऊन टेबलावरच्या वाळूच्या कणांवर पडलं. त्यानं कागद घेतला, पेन घेतलं, आणि पहिलंच अक्षर असं आलं की त्यानं कागद चुरगळला. दुसरा चुरगळला. मग बंदुकीच्या पिशवीतून त्यानं ती कानवाली पिशवी काढली, टेबलावर ठेवली आणि मनगट दोन कानांच्या मधे टेकवलं. वाळू करकरली, सरकली आणि मनगटाच्या आकाराची झाली. हात थांबला नाही. पण जरा विसावला. अक्षरं मोठी आली, वाकडी, चिखलात चालणाऱ्या हरणीच्या पावलांसारखी, पण वाचता येत होती. त्यानं लिहिलं :

‘नॉर्ब, येतोय. खालचा पलंग ठेव, वर चढणं नको. दुर्बीण ठीक आहे, चांगल्या टेकूवर तपासली. हात ठीक नाही. हरणीला मीच पोटात मारलं, दुर्बिणीनं नाही. वडिलांचंही हेच होतं, काम फार नव्हतं. बंदूक आणत नाही. सूप मी करीन, वाढायला दुसरा कुणी बघ. शेपूट खिळ्यावरच राहू दे. ऑर्व.’

सवयीप्रमाणे तो पुन्हा वाचायला लागला. दुसऱ्या ओळीत एक अक्षर दुसऱ्यावर चढलं होतं. त्यानं सुधारण्यासाठी पेन उचललं, आणि खाली ठेवलं. पाकिटावरचा पत्ता लिहायला पिशवी पुन्हा घ्यावी लागली. कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपाशी कुणी नव्हतं. झाकण ओढून त्यानं हात आत धरला तेव्हा पाकिटाची कड लोखंडावर टकटक वाजायला लागली, बशीसारखी. समोरच्या खाणावळीच्या काचेतून कुणी बघत असेल असं त्याला वाटलं. असेल. त्यानं बोटं सोडली. झाकण खाडकन मिटलं, आणि तो दचकला, जागच्या जागी, पापण्यांसकट. मग सगळे जसं करतात तसं त्यानंही केलं : झाकण पुन्हा उघडून, पत्र खरंच आत पडलंय ना, ते पाहिलं. पडलं होतं.